पिशवी राखणारे टाके



'गर्भाशय' हा शब्द माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या तोंडून मी चाळीस वर्षांत फार थोड्या वेळा ऐकला. त्या 'पिशवी' म्हणतात. पिशवीला सूज आहे, पिशवी खाली आली, पिशवीचं तोंड उघडलं, आणि शेवटी, पिशवी काढली. हे शेवटचं वाक्य ज्या सहजपणे उच्चारलं जातं तितक्या सहजपणे कोणी दाढ काढल्याचंही सांगत नाही. दाढेच्या गोष्टीत निदान ठणका तरी असतो.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांच्या नावाच्या या व्याख्यानमालेत आजवर इतिहासकार बोलले, कवी बोलले. शस्त्रक्रियेवर बोलायला मला बोलावलंत तेव्हा तुमच्या चिटणीसांनी फोनवर दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, रक्त वगैरे फार नसेल ना?" थोडं असेल. त्याला इलाज नाही.

सरांच्या वॉर्डात मी तीन वर्षं निवासी डॉक्टर होते. सकाळच्या राउंडला केसपेपरवर सगळं लिहिलेलं असायचं: वय, बाळंतपणं, पाळीची तारीख, हिमोग्लोबिन. सर तो कागद पालथा घालायचे आणि विचारायचे, "हिला काय राखायचंय?" आम्ही एकमेकांकडे बघायचो. काय काढायचं ते आम्हाला तोंडपाठ होतं. राखायचं काय, हे बाईला विचारल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि विचारलेलं नसायचं. आज मी बोलणार आहे ते त्या एका प्रश्नाबद्दल. त्या प्रश्नातून मुंबईत काही शस्त्रक्रिया जन्माला आल्या, जगभर गेल्या, आणि प्रत्येकीनं आपलं बिल मागाहून पाठवलं.

विठ्ठल नागेश शिरोडकरांपासून सुरुवात करते. जन्म १८९९चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. (शिरोडं म्हटलं की आपल्याला खांडेकरांचं आठवतं. ते वेंगुर्ल्याकडचं, हे फोंडा तालुक्यातलं.) मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले, इंग्लंडहून एफआरसीएस होऊन आले आणि ग्रँटमध्येच प्राध्यापक झाले. त्यांच्यासमोर ज्या बायका यायच्या त्यांची तक्रार एकच. चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान मूल जातं. कळा नाहीत, ताप नाही, पडलं-झडलं काही नाही. पिशवीचं तोंड आपोआप सैल होतं, पाणमोट खाली उतरते आणि तासाभरात सगळं आटोपतं. एकदा नाही, दोनदा, चारदा. त्या काळचा उपाय म्हणजे पलंगाचा पायथा उंच करून महिनोन्‌महिने पडून राहणं आणि हॉर्मोनची इंजेक्शनं. घरी सासू म्हणायची, हिच्या पोटात मूल ठरत नाही. ठरत होतं हो. राहत नव्हतं.

शिरोडकरांनी याकडे सुताराच्या नजरेनं पाहिलं. दोष रक्तात किंवा नशिबात नसून बिजागरीत आहे. शिकागोच्या लॅश यांनी १९५०मध्ये अशा बायकांचं गर्भाशयमुख दुरुस्त केलं होतं, पण दोन गरोदरपणांच्या मधल्या काळात, सैल भागाचा तुकडा कापून. शिरोडकरांनी बाई गरोदर असतानाच हात घालायचं ठरवलं. गर्भाशयमुखावर पुढून आडवा छेद घ्यायचा, वर चिकटलेलं मूत्राशय बोटानं हलकेच वर सरकवायचं, मागच्या बाजूलाही छेद घ्यायचा, आणि वाकड्या सुईनं आवरणाखालून एक पट्टी फिरवून आतल्या मुखाच्या पातळीवर तिची गाठ मारायची. पट्टी कशाची, तर त्याच बाईच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर जे चिवट, पांढरं आवरण असतं, त्याची. नायलॉन, पॉलिएस्टर हे सगळं पुढचं. मला ही गोष्ट फार आवडते. मूल पोटात धरून ठेवायला आईच्याच मांडीतली नाडी.

१९५५ साली त्यांनी ही पद्धत मद्रासच्या 'अँटिसेप्टिक' या मासिकात छापली. दोन वर्षांनी मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी सोपी आवृत्ती काढली. मूत्राशय सोडवायचं नाही, छेद नाही, गर्भाशयमुखात चार-पाच ठिकाणी सुई घालत गोल फिरायचं आणि बटव्याच्या नाडीसारखं आवळायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. आज बहुतेक ठिकाणी घातला जातो तो हाच टाका. मी स्वतःही मॅक्डोनाल्डच घालते, शिरोडकर क्वचित. तरीही पेशंटला समजावताना तोंडातून 'शिरोडकर टाका' असंच निघतं, आणि त्यात मला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

आता बिल. १९९३मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं आणि तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजनं केलेल्या चाचणीचे आकडे प्रसिद्ध झाले. अनेक देशांतल्या १,२९२ गरोदर बायका. अट अशी की टाका घालावा की नाही याबद्दल डॉक्टरच्याच मनात शंका हवी. निम्म्यांना टाका, निम्म्यांना नाही. तेहेतीस आठवड्यांच्या आत प्रसूत झाल्या त्या टाक्याच्या गटात शंभरातल्या १३, दुसऱ्या गटात १७. म्हणजे एक फार अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण टाळायला साधारण २५ टाके. आणि बाळंतपणानंतर ताप येण्याचं प्रमाण टाक्यामुळे दुप्पट, तीनाचं सहा टक्के. आमच्या काही मंडळींना हे आकडे शिरोडकरांचा अपमान वाटले. मला वाटतं त्यांना ते आवडले असते. ज्यांचा इतिहास स्पष्ट आहे, दर वेळी तसंच, कळांशिवाय, चौथ्या-पाचव्या महिन्यात, त्यांच्यासाठीच त्यांनी टाका योजला होता. 'टाकून ठेवू, बरं असतं' म्हणून घातलेल्या टाक्यांचा हिशेब त्यांच्या खात्यावर कशाला?

दुसरं बिल मी डोळ्यांनी पाहिलं. उमेदवारीच्या पहिल्याच वर्षी रात्री अडीचला एक बाई जोरदार कळा घेऊन आली. आठवा महिना सरत आलेला. तपासलं तर गर्भाशयमुख एका बाजूनं ताणून कागदासारखं झालेलं आणि दुसऱ्या बाजूला काहीतरी टणक, दोरीसारखं. टाका होता. दुसरीकडे घातलेला. कागद घरी राहिले होते, आणि तिला स्वतःला 'खालून काहीतरी केलंय' यापलीकडे माहीत नव्हतं. टाका सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास काढायचा असतो, आणि त्याआधी कळा आल्या तर तेव्हाच, ताबडतोब. न काढल्यास पिशवी वरून जोर लावते, तोंड उघडू शकत नाही, आणि जे आधी सुटेल ते सुटतं. इथे मांस सुटलं होतं. टाका कापला, बाळ आलं, रडलं. फाटलेला भाग शिवताना माझे हात कोपरापर्यंत भरले होते. सकाळी सर म्हणाले, "टाका उत्तम घातलेला होता. घालणाऱ्यानं बाईला मात्र सांगितला नव्हता." मग मला म्हणाले, "तू घालशील तेव्हा काय करशील, ते आत्ताच ठरव."

गर्भाशय खाली उतरण्याची, आपल्याकडच्या बोलीत 'अंग बाहेर येण्याची' गोष्ट अशीच आहे. परदेशी पुस्तकांतली ही पेशंट बहुधा साठीची असते, पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. तिथे योनिमार्गे गर्भाशय काढून टाकणं हा सरळ उपाय. दुसरी जुनी पद्धत मँचेस्टरची, त्यात लांबलेलं गर्भाशयमुखच कापून टाकत. मुंबईच्या वॉर्डात मात्र पंचविशीच्या मुली येत होत्या. एक-दोन बाळंतपणं घरी झालेली, नीट विसावा नाही, आठव्या दिवसापासून हंडा डोक्यावर. त्यांना अजून मूल हवं असायचं, किंवा निदान 'हिची पिशवी काढलीय' हा शिक्का नको असायचा. गर्भाशयमुख कापलं तर पुढच्या खेपेला गर्भ टिकणं अवघड, म्हणजे फिरून टाक्याच्याच दाराशी.

शिरोडकरांनी मँचेस्टरमध्ये बदल करून गर्भाशयमुख न कापता मागचे बंध पुढे ओढून घेतले. आणि पोट उघडून करायची एक शस्त्रक्रिया योजली. तिला आम्ही आजही 'शिरोडकर स्लिंग' म्हणतो. मर्सिलीनची पट्टी गर्भाशयाच्या मानेला मागून शिवायची आणि तिची दोन्ही टोकं पाठीच्या कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीच्या वरच्या कंगोऱ्यावर जो घट्ट बंध असतो त्यात अडकवायची. झोळी टांगतो तसंच. डाव्या बाजूला आतडं आडवं येतं, म्हणून तिकडे पट्टी आधी कमरेच्या स्नायूतून वळवून मग मध्यावर आणायची. मुंबईचेच पुरंदरे यांनी उलट दिशा धरली. पट्टी मानेच्या पुढच्या बाजूला लावायची आणि पुढे पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाला बांधायची. खोकलं, ओझं उचललं की पोट आवळतं आणि गर्भाशय आपोआप वर ओढलं जातं. हंडा उचलणाऱ्या बाईचा विचार करून काढलेली ती युक्ती आहे असं मी विद्यार्थ्यांना सांगते. पुरंदऱ्यांनी तसं कुठे लिहिलं नाही, तो माझा अर्थ आहे, पण मी तो सोडणार नाही.

स्लिंगमधली धोक्याची जागा मोजून दोन बोटांची. त्रिकास्थीच्या त्या कंगोऱ्यावर पेरिटोनियमचा पडदा उघडला की खाली पांढरा, चकचकीत बंध दिसतो. त्याच्या मधोमध एक बारीक धमनी आणि शीर. डावीकडे वरच्या अंगाला, अगदी लगटून, पायातून येणारी मोठी शीर. उजवीकडे मूत्रवाहिनी. आणि बंधाखाली हाडाला चिकटलेलं शिरांचं जाळं. सुई दोन मिलिमीटर खोल गेली आणि हे जाळं फाटलं तर शिरेचं टोक हाडाच्या छिद्रात मागे सरकतं. चिमट्यात धरायला काहीच उरत नाही. जितके टाके घ्याल तितकी ती जास्त फाटते.

हे मी एकदाच पाहिलं. सुई वरिष्ठ निवासी डॉक्टरच्या हातात होती, नाव सांगत नाही, आता आजोबा झालाय. काळसर रक्त तळ्यासारखं भरून आलं. तो भराभर चिमटे मागू लागला. सर हात धुऊन आले, त्याला एका हातानं बाजूला केलं, दुमडलेला गॉज त्या जागी ठेवला आणि दोन बोटांनी दाबून उभे राहिले. "घड्याळ बघा," एवढंच म्हणाले. वीस मिनिटं कोणी बोललं नाही. भूल देणाऱ्या मॅडम रक्ताची दुसरी बाटली लावत होत्या, तिच्या थेंबांवरच सगळ्यांचे डोळे. वीस मिनिटांनी सरांनी बोट उचललं. थांबलं होतं. न थांबल्यास स्टीलची निर्जंतुक टाचणी थेट हाडात ठोकतात. सिस्टरनं ती काढून ठेवली होती. सरांनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि स्लिंग पुरी केली.

या पट्टीचीच पुढची, भलतीच श्रीमंत झालेली भावंडं म्हणजे योनिमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळ्या. २००२पासून अमेरिकेत त्यांना परवानगी मिळत गेली. पेटीतून काढा, बसवा, तासाभरात मोकळे. जाळी मांसातून बाहेर डोकावणं, दुखणं, संसर्ग, या तक्रारी साचत गेल्या. २०११मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सावध केलं आणि २०१९च्या एप्रिलमध्ये या कामासाठीच्या जाळ्यांची विक्रीच थांबवायला लावली. वस्तू साधारण तीच, प्लॅस्टिकची विणलेली. पण पोटातून, एका अरुंद पट्टीनं, जखमेपासून लांब बांधणं वेगळं, आणि योनीच्या पातळ भिंतीखाली अख्खं कापड पसरणं वेगळं.

सिझेरियनबद्दल थोडक्यात बोलते, नाहीतर रात्र होईल. १८७६ साली इटलीत पाविआला एदुआर्दो पोर्रो यांनी मुडदुसानं कमरेची हाडं आकसलेल्या एका बाईचं सिझेरियन केलं आणि मुलाच्या पाठोपाठ गर्भाशयही कापून काढलं. बाई जगली. तोवर सिझेरियनमध्ये आई जगणं हीच बातमी असे, कारण गर्भाशय उघडायचे पण शिवायचे नाहीत. ते आकसून आपोआप मिटतं अशी समजूत होती. सहा वर्षांनी लाइपझिगच्या झेंगर यांनी ते थर जुळवून शिवायला सांगितलं. शिवणाचा शोध लागला तेव्हा पिशवी काढण्याची गरज उरली नाही.

बाळंतपणानंतर रक्त थांबेना, तेव्हाही शेवटचा उपाय पिशवी काढण्याचाच. १९८९मध्ये इंग्लंडात मिल्टन कीन्सला अशा एका बाईनं त्याला संमतीच दिली नाही. क्रिस्टोफर बी-लिंच हे मूळचे सिएरा लिओनचे डॉक्टर. त्यांनी दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून पाहिलं, रक्त थांबलं. मग तो दाब दोऱ्यानंच कायम ठेवला. गर्भाशयाच्या दोन्ही खांद्यांवरून उभा टाका, आपल्या आजोबांच्या पँटीला गॅलिस असायचे तसा. १९९७मध्ये त्यांनी पाच बायकांचा अनुभव छापला. आज आमच्या तालुक्याच्या ठिकाणीही हा टाका घातला जातो. याचंही बिल आहे. दोरा फार आवळला तर भिंतीचा रक्तपुरवठा तुटून ती आतून सडू शकते. पण ती बाई 'नाही' म्हणाली नसती तर?

सिझेरियनचं स्वतःचं बिल मात्र पुढच्या खेपांना येतं. वार खाली असेल आणि जुन्या व्रणावर बसली तर ती भिंतीत रुजते, सुटत नाही. २००६च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, वार खाली असलेल्या बायकांत हे पहिल्या सिझेरियनला १०० पैकी ३ जणींना, दुसऱ्याला ११ जणींना, तिसऱ्याला ४० जणींना आढळलं. तिसऱ्याला चाळीस! आणि अशा बाईला वाचवायचं तर बहुधा पुन्हा पोर्रोच करावं लागतं. मुहूर्त बघून सिझेरियन मागणाऱ्यांना मी हे तीन आकडे कागदावर लिहून देते. ज्योतिषी ते लिहीत नाहीत.

आता काढण्याबद्दल. गर्भाशय काढणं ही वाईट शस्त्रक्रिया नाही. कर्करोग, फार मोठ्या गाठी, कशालाच न जुमानणारा रक्तस्राव, यांत ती जीव वाचवते. पण तिची एक जागा आहे जिथे माझा हात चाळीस वर्षांनंतरही मंदावतो. गर्भाशयाची धमनी बाजूनं येते आणि तिच्या खालून मूत्रवाहिनी जाते, गर्भाशयमुखापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर. धमनी हा पूल, लघवी हे खालचं पाणी, असं आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो. घाईत घेतलेला चिमटा पुलाबरोबर पाणीही पकडतो. लक्षात कधी येतं? आठ-दहा दिवसांनी. टाके निघालेले, बाई घरी, आणि अंगावरून सारखं पाणी जायला लागतं. तिला वाटतं, पांढरं जातंय. ती कोणाला सांगत नाही, घड्या बदलते, देवळात जायचं बंद करते.

२०१९मध्ये बीड जिल्ह्याचं नाव जगाच्या वर्तमानपत्रांत आलं ते गरज नसताना काढलेल्या पिशव्यांमुळे. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. सहांत एक. कित्येक पस्तिशीच्याही आतल्या. फडावर काम 'कोयत्या'ने मोजतात, नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीत एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. पालाशेजारी ना पाणी, ना आडोसा. अंगावर जातं म्हणून दवाखान्यात जावं तर सोनोग्राफीचा कागद दाखवून सांगायचं, पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल. बरोबर बीजकोषही काढले तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं, अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, हृदयाचा धोका. न काढले तरी ते लवकर थकतात. पुढे बीडमध्ये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय ही शस्त्रक्रिया करता येणार नाही असा नियम झाला. २०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक सूत्रं लागू करायला सांगितलं. चांगलं झालं. पण ज्या राज्यात पंचविशीच्या मुलीची पिशवी राखायला पट्ट्या शोधल्या गेल्या, तिथेच हे घडलं, याची मला आमच्या व्यवसायाच्या वतीनं लाज वाटते.

तीन वर्षांपूर्वी तशीच एक ऊसतोडणीला जाणारी मुलगी आली. वय तेवीस. दोनदा पाचव्या महिन्यात, कळांशिवाय, मूल गेलेलं. आता तिसऱ्यांदा तिसरा महिना. गावाकडे कोणीतरी सांगितलं होतं, तुझी पिशवीच नासकी आहे, एकदाची काढून टाक. मी टाका घातला. पाय आखडून बसू नकोस, ऊस तोडू नकोस, म्हणाले. ती हसली. दिवाळीनंतर कोयता कर्नाटकात जाणार होता, उचल घेतलेली होती.

सरांनी 'आत्ताच ठरव' म्हटलं होतं, त्या दिवसापासून मी एक करते. टाक्याच्या प्रत्येक बाईला जाड कार्ड देते, मराठीत, बोटभर उंचीच्या अक्षरांत. 'हिच्या पिशवीच्या तोंडाला टाका आहे. कळा आल्यास, पाणी गेल्यास आधी टाका काढा.' खाली माझा नंबर. ते कार्ड तिनं पोलक्यात ठेवलं.

फेब्रुवारीत पहाटे फोन आला. पलीकडे सीमेवरच्या एका आरोग्य केंद्रातली सिस्टर. मराठी मोडकं, पण समजत होतं. कळा सुरू आहेत, छत्तीस आठवडे, डॉक्टर वाटेत आहेत. "मॅडम, टाका दिसतो. पण दोन दोरे दिसतात. कुठला कापू?"

"गाठ दिसते का?"

"हो."

"गाठ चिमट्यात धरा आणि हलकेच खाली ओढा. गाठीच्या वर दोन पदर दिसतील. त्यातला एकच कापायचा. दोन्ही कापलेत तर पट्टी आतच राहील."

"एकच."

"एकच. कापलात की गाठ ओढा, सगळा टाका सापासारखा बाहेर येईल."

फोन तिनं बहुधा ट्रेवर ठेवला. कात्रीचा आवाज आला नाही, येणारही नव्हता. बाईचं कण्हणं ऐकू येत होतं, आणि बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर सुरू होता. मग सिस्टरचा आवाज आला, मोठ्यानं, कानडीत, माझ्याशी नव्हे.